बाईंच्या दुखण्याचं नाव

पाटीलबाबा, मास्तर, हितं जमलेल्या दादा लोकांनो, आणि त्या बाजूला बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

मी हमीदा. चाकणची मनियारीण. तुमच्यातल्या बहुतेक बायांचे हात मी दाबलेत, तवा तुमाला वळख सांगायची गरज न्हाई. पण डॉक्टरीणबाईंचे भाऊ मुंबईहून आलेत, त्यांच्यासाठी सांगितलं. मी गावोगाव हिंडून बांगड्या भरते. आमचा निम्मा धंदा हातावर चालतो आणि निम्मा तोंडावर. बोलून बोलूनच बाईचा हात सैल करायचा असतो, म्हंजी बांगडी चढते. तशी मी बोलण्यात कुणाला हार जात न्हाई. पण आज हितं उभी राहिले आणि तोंड कोरडं पडलंय. मास्तर, जरा पाणी द्याल का?

आता बरं वाटलं.

शाळेच्या या पटांगणात एवढ्या बाया मी कधी बघितल्या न्हाईत. कुरुळीच्या आल्यात, महाळुंग्याच्या आल्यात. गाड्या जुंपून आल्यात. एवढ्या बाया कशासाठी आल्या, हे दादा लोकांना ठाऊक न्हाई. बायांना ठाऊक हाय, पण त्या बोलणार न्हाईत. म्हणून मला उभं केलंय.

आणि दुसरं एक कारण हाय. डॉक्टरीणबाईंनी मला एक काम सांगून ठेवलंय. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ बसायला जायची. एकदा दुपारी त्या म्हणाल्या, "हमीदा, मी गेले की इथे सभा होईल. सगळे चांगलं बोलतील, मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. तू मात्र एक कर. मी कशाने गेले ते सांग. नाव घेऊन सांग, पुरुषांसमोर सांग." मी व्हय म्हणाले. तवा काय, समोर एकटी बाई व्हती. व्हय म्हणायला काय लागतंय? आता हितं पाटीलबाबा बसलेत, आमचे इमामसाहेब बसलेत, देवळाचे पुजारी बसलेत.

मघाशी पाटीलबाबा म्हणाले, डॉक्टरीणबाई अल्पशा आजारानं गेल्या. मास्तर म्हणाले, पोटाच्या विकारानं गेल्या. दोघांच्या मनात काही वाईट न्हाई. सभेत असंच बोलायची रीत हाय. पण दोन्ही खरं न्हाई. खरं काय ते मी सांगणार हाय, त्याशिवाय खाली बसणार न्हाई. बाईंच्या भावाला विचारून घेतलंय. ते म्हणाले, ताईनं सांगितलं असेल तर सांगा. पण एकदम माझ्या तोंडून निघायचं न्हाई. जरा मागून येते. दमानं घ्या.

डॉक्टर सुमतीबाई चाकणला आल्या त्या पिंपरीच्या छावणीतून. फाळणीनंतर तितं निर्वासित लोक आले, त्यांच्यात बाई काम करत व्हत्या. मग कुणीतरी सांगितलं, की चाकणच्या आसपास बाईमाणसाला दाखवायला बाई डॉक्टर न्हाई. त्या आल्या. कांद्याच्या वखारीमागं दोन खोल्या घेतल्या, पाटी लावली, आणि बसून राहिल्या.

कोण आलं? पुरुष आले. खोकला घेऊन आले, तंबाखूनं किडलेले दात घेऊन आले. बाया आल्या न्हाईत. आल्या त्या सासूबरोबर आल्या. सून पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसायची आणि सासू सांगायची, "हिचं पोट दुखतंय." बाईंनी सुनेला विचारलं, कुठं दुखतं, तरी सासूच सांगायची, "पोटात." तपासू का? "नगं, तपासायचं काय त्यात, गोळी द्या." एकदा बाई मला हसून म्हणाल्या, "हमीदा, या चाकणातल्या बायकांना देवानं नुसतं पोटच दिलंय गं."

माझी आणि त्यांची गाठ चाकणातल्या माझ्या बांगड्यांच्या दुकानात पडली. बाईंचं लगीन झालेलं न्हाई, हातात नुसतं घड्याळ. बिनबांगडीची बाई, मला गिऱ्हाईक म्हणून बी उपयोगाची न्हाई. तरी आल्या आणि बसून बघत राहिल्या. मी एका बाईला बांगड्या भरत व्हते. ती बाई आपलं सगळं गाऱ्हाणं सांगत व्हती, सासूचं, जावेचं, दिराचं. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "तुझ्यापुढे किती बोलतात गं या. माझ्यापुढे तोंड उघडत नाहीत."

मी म्हणाले, "बाई, हात माझ्या हातात असतो. अर्ध्या बांगड्या चढल्यात, अर्ध्या ऱ्हायल्यात. उठून जाणार कुठं? बसल्या बसल्या बोलतात."

बाईंनी एक बांगडी उचलून बघितली. मग म्हणाल्या, "तू गावात जातेस तेव्हा पुरुष कुठे असतात?"

"बाहेर. बायांच्या घोळक्यात कोण बसतंय? मनियारीण आली की ते आपसूक पारावर जातात."

"मग मला घेऊन जा."

अशी आमची जोडी जमली. माझ्या डोक्यावर बांगड्यांची पेटी, त्यांच्या हातात औषधाची. गावातली पोरं म्हणायची, दोन पेट्यावाल्या आल्या.

आता एक सांगते, हे दादा लोकांना नवं वाटेल. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत न्हाईत. वाढवली म्हणायचं. फुटली म्हटलं की अशुभ. दिवा विझला म्हणायचं न्हाई. नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई. मी जन्मापासून यातच वाढले, मला त्यात काही वाटत न्हाई. सोन्यासारखी बाई समोर बसली असताना फुटली कशाला म्हणा? पण बाईंनी मला विचारलं, "बांगडीचं ठीक आहे. पण अंगाला काही झालं तर काय म्हणता?" मी म्हणाले, "काय म्हणणार? 'तितं' म्हणतो. 'खाली' म्हणतो. लईच झालं तर 'अंगावरचं' म्हणतो." बाई म्हणाल्या, "आणि खाली म्हणजे कुठे? गुडघाही खालीच आहे."

मला तरी कुठं नावं ठाऊक व्हती? तीन पोरं झाली माझी, पण नावं ठाऊक न्हवती.

आता कुरुळीची गोष्ट सांगते. ती काशीची गोष्ट हाय. काशी ती बघा, खांबाजवळ बसलीय, आणि शेजारी तिची सासू गिरजामावशी. काशीला विचारून बोलते मी. ती म्हणाली, "माझं नाव घ्या, भाभी. नाव न घेता बोललात तर मला राग येईल."

काशी लगीन होऊन कुरुळीला आली, पहिलं बाळंतपण झालं, पोरगं झालं. सुईणीनं केलं, अवघड गेलं, पण पोरगं ठणठणीत. सगळं गाव खूश. त्यानंतर काशी उपास करायला लागली. आधी सोमवार. मग गुरुवार, शनिवार. मग एकादशी, चतुर्थी. मग बाकीच्या दिवशी बी एकवेळ जेवायची, ते बी चार घास. गिरजामावशी अभिमानानं सांगायच्या, माझी सून लई देवभोळी. आणि वर अशी नम्र, की देवळात पाय ठेवत न्हाई. बाहेरूनच हात जोडते. म्हणते, माझी पायरी न्हाई. गावातल्या बाया तिच्या पाया पडायला लागल्या. मावशी, खोटं बोलते का मी? बघा, मान हलवतायत.

मी बी पाया पडले व्हते तिच्या. मुसलमानाची बाई असून पडले. मला बी वाटलं, केवढी भक्ती ही.

मग तिच्या नणंदेचं लगीन ठरलं आणि चुडा भरायला मला बोलावलं. बाई संगं व्हत्या. सोप्यात बाया दाटून बसल्या, पुरुष पारावर गेले. नवरीचा चुडा भरला, मग बाकीच्यांचे हात. काशीची पाळी आली. सगळ्या बाया बसून बांगड्या भरतात, ही उभीच. म्हणाली, उभ्यानंच भरा. मी हात धरला तर माझ्याच अंगावर काटा आला. मनगट असं, की तिच्या मापाची बांगडी घातली ती सरळ कोपरापर्यंत गेली. मी म्हणाले, "काशे, तुझ्या हाताला आता लहान पोरीचं माप लागतंय गं." ती नुसती हसली. गिरजामावशी म्हणाल्या, "उपासाचं अंग हाय तिचं."

बाईंनी औषधाची पेटी बाजूला ठेवली. त्यांनी गिरजामावशींकडं कणीक मागितली. बायांना वाटलं, डॉक्टरीणबाई आता पोळ्या करून दाखवणार. परातीत मळलेली कणीक आली. बाई मांडी घालून बसल्या आणि त्या कणकेचं करायला लागल्या. आधी दोन जाड वळकट्या. मग त्यांच्या आत दोन पातळ. बाया बघतायत. कुणाला कळंना काय चाललंय. मग एका म्हातारीला कळलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. मग सगळ्यांना कळलं. कुणी हसलं, कुणी उठायला लागलं. पण नवरीच्या मामीचा हात माझ्या हातात व्हता, चार बांगड्या चढलेल्या. मी सोडला न्हाई. ती उठली न्हाई म्हणून बाकीच्या बी उठल्या न्हाईत.

बाई बोलायला लागल्या. अशा बोलत व्हत्या जशा घराच्या खोल्या दाखवतायत. "बाहेरून जे दिसतं त्या सगळ्याला मिळून भग म्हणतात. हे बाहेरचे दोन मोठे ओठ. शास्त्रात यांना बृहद्‌भगोष्ठ म्हणतात. हे आतले दोन लहान, लघुभगोष्ठ. कुणाचे लहान असतात, कुणाचे मोठे, दोन्ही बाजू सारख्या नसतात, त्यात काही दोष नाही. वर जिथे ते मिळतात तिथे ही छोटी शिश्निका. तिच्याखाली हे बारीक मूत्रद्वार, लघवीचं. त्याच्याखाली योनिद्वार. पाळी इथून येते, मूल इथून येतं. आणि मागे हे गुदद्वार."

मग ती म्हातारी, सात बाळंतपणं झालेली, पदर बाजूला करून म्हणाली, "म्हंजी लघवीची वाट येगळी हाय व्हय?"

"वेगळी आहे, आजी."

"एवढं सगळं हाय तितं. आन आमी एका शब्दात उरकत व्हतो."

तवा जे हसू फुटलं, ते पारावर ऐकू गेलं असेल. हसून झाल्यावर सगळ्या पुढं सरकल्या. मग बाईंनी दुखणी सांगितली. इथं खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं, त्याला औषध आहे. इथं ओठाच्या बाजूला गळू होतं, बसता येत नाही, ते चिरावं लागतं, लपवू नये. इथून अंग बाहेर येतं, त्याला आधार देता येतो. इथं पांढरे चट्टे पडतात. इथं गाठ येते.

मग बाईंनी योनिद्वार आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "आणि ही मधली जागा. पहिल्या बाळंतपणात इथं कधीकधी फाटतं. फार फाटलं तर मागच्या वाटेपर्यंत जातं. मग बाईला मळ धरवत नाही. कळत नाही आणि होऊन जातं. लाजून ती बाई चारचौघांत बसत नाही. खाणंच सोडते, म्हणजे होणार नाही. पण हे शिवता येतं. पुण्याला नेऊन शिवता येतं."

आणि काशी, जी कुठं बसत न्हवती, ती पुढं आली. वाकली. तिनं कणकेवर त्या जागेवर बोट ठेवलं. आणि म्हणाली, "हितं."

एवढंच म्हणाली. बाकी काही न्हाई.

मी त्या दिवसाआधी आणि नंतर लई बायांचे हात धरलेत. पण त्या बोटाकडं बघून मला जे रडू आलं, तसं कधी आलं न्हाई. बाई मात्र रडल्या न्हाईत. म्हणाल्या, "कधीपासून?" काशी म्हणाली, "पोरगं झाल्यापासून." गिरजामावशी मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "आन मी हिला देवभोळी म्हणत व्हते." मावशी, रडू नका. तुमी काय केलं व्हतं? तुमाला कुणी सांगितलं व्हतं? गावानं सगळ्यांनी मिळून तिच्या पाया पडून तिला उपाशी मारत आणलं व्हतं, आणि कुणाच्या मनात पाप न्हवतं.

काशीला पुण्याला नेली. बाई संगं गेल्या, मी संगं गेले. शिवलं. बरी व्हायला वेळ लागला, पण बरी झाली. परत आल्यावर कुरुळीला पहिल्यांदा जेवली तवा गिरजामावशी समोर बसून वाढत व्हत्या, वाढत व्हत्या, आणि काशी म्हणाली, "आत्या, आता बास, पोट दुखंल." बाई तितंच बसल्या व्हत्या. म्हणाल्या, "आता खरंच पोटाबद्दल बोलतेय ही."

मग ती नावं गावोगाव गेली. शास्त्राचे शब्द जड पडायचे, बायांनी आपले केले. मोठा ओठ, लहान ओठ. मधल्या जागेला कुरुळीच्या बायांनी बांध म्हटलं, दोन वावरांच्या मधला असतो तसा. बाईंना तो शब्द लई आवडला. दवाखान्यात बाया येऊन सांगायला लागल्या, "बाई, बांधाजवळ जखम हाय." "बाई, डाव्या लहान ओठावर फोड आलीय." सासू बाहेर बसायची आणि सून आत जाऊन स्वतः सांगायची.

तुमाला आठवतंय का, पाटीलबाबा? तुमी मला नाक्यावर बोलावून घेतलं. म्हणालात, "हमीदा, तू बांगड्या भर. शाळा घेऊ नको. घरात असलं बोलणं चाललंय, पोरीबाळी ऐकतात." मी बाईंना सांगितलं. बाई तुमच्या घरी आल्या. मी दारात उभी व्हते, ऐकलं मी. तुमाला म्हणाल्या, "पाटील, नाकाला नाव आहे, कानाला नाव आहे, कारण ते दुखतात. हेही दुखतं." नंतरच्या महिन्यात तुमच्याच घरून तुमची लेक दवाखान्यात आली, एकटी. तिचं काय झालं ते मी सांगणार न्हाई, तो तिचा विषय. ती आज हितं बसलीय आणि बरी हाय. तुमी मला परत काही बोलला न्हाईत, त्याबद्दल मी तुमचे उपकार मानते.

बरं, आता येते. लांबवलं मी. लांबवत व्हते म्हणा.

बाईंना खाज व्हती. बरीच वर्षं व्हती. मग गाठ आली, ज्वारीच्या दाण्याएवढी. त्यांना कळलं. त्यांना कळणार न्हाई तर कुणाला? ज्या बाईनं आमाला कणकेवर दाखवलं, की इथं गाठ येते, आली तर लगेच दाखवा, त्याच बाईला आली. आणि त्या गेल्या न्हाईत दाखवायला. एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. चाकणात दुसरी बाई डॉक्टर न्हाई. पुण्याला जायचं म्हंजी ज्या डॉक्टरांबरोबर त्या शिकल्या, त्यांच्याकडं जायचं. पुरुष. वळखीचे.

मला त्यांनी हे सांगितलं तवा मी चिडले. मी म्हणाले, "बाई, तुमी? तुमी लाजलात?"

त्या म्हणाल्या, "हो. मीपण लाजले. नावं सगळी पाठ होती मला, हमीदा. दुसऱ्यांची सांगायला जीभ चालायची. स्वतःचं सांगायच्या वेळी मीसुद्धा पोट दुखतंय म्हणाले."

मुंबईला ऑपरेशन झालं. रेडियमचा उपचार झाला. पण जांघेत गाठी आल्या व्हत्या. मग परत आल्या, कारण त्यांना चाकणात राहायचं व्हतं. तुमी सगळ्यांनी दूध पाठवलं, भाजी पाठवली, आणि विचारत राहिलात, काय झालंय? मी सांगत राहिले, अशक्तपणा हाय. कारण बाई म्हणाल्या व्हत्या, मी गेल्यावर सांग. जिवंतपणी सगळे माझ्याकडे बघतील ते मला सोसायचं नाही. माणूसच ती.

तर ऐका. डॉक्टर सुमतीबाई पोटाच्या विकारानं गेल्या न्हाईत. अल्पशा आजारानं गेल्या न्हाईत. त्यांना कॅन्सर झाला व्हता. आणि तो भगाला झाला व्हता. उजव्या बाजूच्या मोठ्या ओठाला. वेळेवर काढला असता तर बाई वाचल्या असत्या, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

झालं. सांगितलं. कुणी उठून गेलं न्हाई. पाटीलबाबा बसलेत. इमामसाहेबांनी मान खाली घातलीय, पण बसलेत. बरं झालं.

आता एक शेवटचं. हे बाईंनी सांगितलेलं न्हाई, हे माझं हाय. मी हे बोलणार न्हाई असं ठरवून आले व्हते. पण तिकडं बसलेल्या बायांची तोंडं बघितली आणि वाटलं, बाईंचं सांगायचं, आणि आपलं पदराखाली ठेवायचं, हे काही बरं न्हाई.

मला डाव्या लहान ओठाच्या कडेला पांढरा चट्टा आलाय. खाज हाय, आणि आता मधे एक जागा टणक लागते. बाई आजारी व्हत्या तवाच आलं व्हतं. त्यांना सांगितलं न्हाई. म्हणाले, एवढ्या आजारी बाईला कशाला त्रास. पुण्याला कशाला जायचं, धंदा बुडतो. अशी कारणं मला लई सापडली. चांगली चांगली कारणं सापडली.

आज सकाळी आमच्या यांना सांगितलं. ते मागं बसलेत, टोपीवाले. नाव घेऊन सांगितलं, कुठं हाय, काय हाय. ते चहा पीत व्हते. कपबशी खाली ठेवली. मला वाटलं, आता रागावतील, न्हाईतर उठून बाहेर जातील. ते म्हणाले, "उद्याची पहिली एस.टी. किती वाजता हाय?" मी सांगितलं. म्हणाले, "मी पण येतो."

तर उद्या पहिल्या एस.टी.नं मी पुण्याला चाललेय, दाखवायला. काय निघेल ते निघेल. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? काशी माझ्यासंगं येणार हाय. ती म्हणाली, तुमी आला व्हता माझ्यासंगं. आणखी कुणा बाईला यायचं असेल तर नाक्यावर या. काय झालंय ते मी विचारणार न्हाई. तुमीच डॉक्टरला सांगायचं. गाडीत माझ्याशेजारी जागा धरते.

बाई, तुमी सांगितलेलं काम केलंय. माझा सलाम घ्या.

मंडळी, आता उभं राहूया. टोप्या काढल्या तरी चालतील, न काढल्या तरी चालतील. पाटीलबाबा सांगतील तवा बसूया. तोवर कुणी बोलू नका, मी बी बोलत न्हाई.